कुत्रीला उलट्या-जुलाब झालेत, गोळी कुठली देऊ? गोळीच्या आधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गोव्यात वाळपईजवळ राहता, राणी तीन वर्षांची गावठी कुत्री, वजन साधारण १६ किलो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी आलेल्या पोरांनी लाडाने तिला नेवऱ्या (करंज्या) आणि वडे भरवले, काल रात्रीपासून तीन-चार उलट्या झाल्या, शेवटच्या दोन नुसता पिवळा फेस, आणि आज सकाळपासून पातळ शी होतेय, त्यात आव आणि थोडं लाल रक्त. पाणी पिते आणि लगेच काढते. शेजारचे म्हणतात माणसांची जुलाबाची गोळी अर्धी करून द्या, आई म्हणतात जायफळ उगाळून द्या, नेहमीचा दवाखाना सुट्टीमुळे परवा उघडणार. म्हणून तुम्ही विचारताय की गोळी कुठली देऊ.

गोळीचं पुढे सांगतेच, पण तुम्हाला आत्ता खरं ठरवायचंय ते हे की राणी परवापर्यंत थांबू शकते का, आणि थांबू शकत असेल तर तोवर घरी काय करायचं. मी बरीच वर्षं फोंडा-डिचोली पट्ट्यात जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते आणि पोटाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कुत्र्यांमध्ये बहुतेक अशीच असतात की जी दोन-तीन दिवसांत नुसत्या पथ्यावर बरी होतात. पण त्याच लक्षणांच्या आड काही आजार असे लपलेले असतात की तिथे एक रात्र वाया घालवणं परवडत नाही. उलटी आणि जुलाब दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून शी बघून घाबरण्यापेक्षा किंवा शी बघून निर्धास्त होण्यापेक्षा कुत्र्याकडे बघायला शिकायचं. मी राणीला हात लावून बघितलेलं नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतेय, हे लक्षात ठेवून वाचा.

सगळ्यात आधी, हे वाचणं थांबवून आईंना विचारा की नेवऱ्यांच्या सारणात मनुका किंवा बेदाणे होते का. काही घरांत घालतात, काही घरांत नुसता गूळ-खोबऱ्याचा चून आणि वेलची. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी काही कुत्र्यांच्या किडन्या बंद पडतात, आणि वाईट हे की किती खाल्ल्यावर पडतील हे आधी सांगता येत नाही, एकाला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसरं थोडक्यात जातं. अलीकडे संशय टार्टरिक आम्लावर आहे, तेच चिंचेतही भरपूर असतं, त्यामुळे चिंचेचा कोळ घातलेली आमटीही कुत्र्याला नको. सुरुवातीला नुसती उलटीच दिसते आणि किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांत वर येतो, तेव्हा कुत्रं आधी खूप आणि मग फारच कमी लघवी करायला लागतं. उत्तर ‘हो, होते’ असं आलं तर पुढचं घरगुती काहीही करू नका, आज जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या, मग तो म्हापशाला असो की फोंड्याला. खाल्ल्यावर पहिल्या काही तासांत डॉक्टर उलटी करवून ते बाहेर काढू शकतात. तुमच्या बाबतीत ती वेळ निघून गेलीय, पण सलाइन लावून आणि रक्तात क्रिएटिनिन (किडन्या किती काम करतात ते दाखवणारा आकडा) बघत राहून किडन्या वाचवायला अजून वेळ आहे.

मनुका नव्हत्या असं धरून पुढे जाऊ.

राणीच्या बाजूला जमिनीवर बसा, समोरून वाकू नका, पोट दुखणारं कुत्रं घरच्यांनाही चावतं. वरचा ओठ हळूच उचला आणि सुळ्याच्या वरच्या हिरडीवर बोट लावा. ओलसर आणि बुळबुळीत लागली तर बरं, बोट चिकटलं तर अंगातलं पाणी कमी झालंय. मग त्याच जागी बोट दाबून सोडा, पांढरा डाग उठेल, तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे रंग कळत नाही, अशा वेळी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला भाग बघा, गुलाबी हवा. पांढराफटक असेल, पिवळा असेल, किंवा विटकरी लाल असेल तर तसंच गाडीत घाला. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून वर ओढा आणि सोडा, चटकन खाली बसली पाहिजे, तंबू राहिला तर पाणी बऱ्यापैकी गेलंय. ही कातडीची खूण म्हाताऱ्या आणि वाळलेल्या कुत्र्यांत फसवते, हिरडीची सहसा फसवत नाही.

ताप नाकाला हात लावून कळत नाही, हे मी रोज सांगते. नाक कोरडं-ओलं, गरम-गार याला काही अर्थ नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला व्हॅसलीन लावा, गुदद्वारात दोन सेंटीमीटर आत, एकाने डोकं धरायचं. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला ताप वाटेल तो आकडा तिच्यासाठी नॉर्मल. १०३.५ च्या वर गेलं तर आतून काहीतरी इन्फेक्शन किंवा मोठी सूज आहे. आणि ९९ च्या खाली आलं आणि कुत्रं लोळागोळा झालंय तर ते तापापेक्षा वाईट, ते शॉककडे चाललंय.

आता उलटीबद्दल. लोक सगळ्यालाच उलटी म्हणतात पण आम्हाला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात. खरी उलटी म्हणजे आधी लाळ, अस्वस्थपणा, पोटाचे स्नायू जोरात आत-बाहेर आणि मग पित्त किंवा अर्धवट पचलेलं अन्न. दुसरं म्हणजे काही जोर न लावता खाल्लेलं जसंच्या तसं, नळीच्या आकारात बाहेर पडणं, ते पोटातून आलेलंच नसतं, अन्ननलिकेतून येतं, त्याची कारणं आणि उपचार वेगळे. तिसरं जे मला फोनवर ऐकलं तरी उठवून बसवतं ते म्हणजे कुत्रं पुनःपुन्हा ओकायचा प्रयत्न करतंय, बाहेर काहीच येत नाही, आणि पोट फुगून टणक झालंय. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट वाऱ्याने फुगतं आणि स्वतःभोवती पीळ घेतं, त्याला ऑपरेशन हाच उपाय आणि हातात काही तासच असतात. राणी लहान चणीची आहे, पित्त बाहेर येतंय, पोट तुम्ही म्हणता तसं मऊ आहे, म्हणजे हे नसावं. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे शेफर्ड असेल तर पाठ करून ठेवा.

शी बघतानाही नुसतं ‘जुलाब’ म्हणून डॉक्टरला फारसं कळत नाही. लहान आतड्याचे जुलाब असतात तेव्हा कुत्रं दिवसातून तीन-चार वेळाच जातं पण दरवेळी भरपूर पाण्यासारखं, आणि लांबलं तर वजन उतरतं. मोठ्या आतड्याला सूज असते तेव्हा परत परत जातं, कुंथतं, थोडंसंच येतं, शेवटी आव आणि ताजं लाल रक्त. रक्त बघून मालकांचा धीर सुटतो, साहजिक आहे, पण वयाने मोठ्या कुत्र्यात, बाकी तब्येत टवटवीत असताना, आवेबरोबर चार थेंब लाल रक्त हे तळकट खाल्ल्यावर पुष्कळदा दिसतं आणि दोन दिवसांत जातं. राणीचं वर्णन मला याच प्रकारात बसतंय. उलट डांबरासारखी काळी चिकट शी, जिच्यात लोकांना रक्त दिसतच नाही, ती जास्त गंभीर, कारण ते पोटातलं किंवा लहान आतड्यातलं पचलेलं रक्त असतं. आणि शी जवळजवळ नाहीच, नुसतं रक्ताचं पाणी पडतंय असं झालं तर वय कितीही असो, थांबायचं नाही.

तळकटाचाच दुसरा धोका स्वादुपिंडाला सूज येण्याचा. नेवऱ्या, वडे, डुकराच्या मांसाची चरबी, फेस्ताच्या जेवणातला उरलेला रस्सा, हे खाल्ल्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांनीही उलट्या सुरू होतात. अशा कुत्र्याचं पोट खूप दुखतं, ते पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर ठेवून उभं राहतं, पोटाला हात लावला की कण्हतं किंवा अंग चोरतं. तुम्ही लिहिलंय की राणी उठते आणि लगेच बसते, ते मला जरा खटकतंय. अशक्तपणा असेल किंवा पोट दुखत असेल, म्हणून दोन्ही हातांनी बरगड्यांच्या मागे पोट हळू दाबून बघा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा. दुखत असेल तर परवाची वाट बघू नका.

अजून एक प्रश्न, ज्याचं उत्तर तुमच्या लिहिण्यात नाही. राणीची नसबंदी झालीय का? नसेल तर शेवटची माजावर कधी आली होती? माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि हा आजार कितीतरी जण पोट बिघडलंय म्हणून घेऊन येतात. कुत्री खात नाही, उलट्या करते, पाणी मात्र खूप पिते, लघवी खूप करते, कधी मागून घाण वासाचा स्राव येतो आणि कधी गर्भाशयाचं तोंड बंद असल्यामुळे काहीच येत नाही, फक्त पोट सुटल्यासारखं दिसतं. यावर पेज आणि गोळ्या चालत नाहीत, बहुतेक वेळा ऑपरेशन करून गर्भाशय काढावं लागतं आणि उशीर झाला तर कुत्री दगावते. त्यामुळे नसबंदी न झालेली कुत्री, गेल्या दोन महिन्यांत माज आणि आता उलट्या, एवढं जुळलं तरी मी सोनोग्राफी केल्याशिवाय सोडत नाही.

आता समजा हिरड्या गुलाबी आणि ओल्या, ताप नाही, पोट मऊ आणि न दुखणारं, माजाचा संबंध नाही. मग आज रात्री हे करा.

पाण्याचं भांडं उचलून ठेवा. ऐकायला निर्दय वाटतं, पण तहानलेलं कुत्रं भांडंभर पाणी एकदम ढोसतं, पोट ताणलं जातं, परत उलटी होते आणि आत गेलं त्याहून जास्त बाहेर येतं. तिला दर अर्ध्या तासाला तीन-चार मोठे चमचे पाणी द्या, किंवा बर्फाचा एक खडा चाटायला द्या. दोन-तीन तास टिकलं की मात्रा वाढवा. मेडिकलमधलं साधं, रंग-वास नसलेलं ओआरएस पाकिटावर लिहिल्याप्रमाणे कालवून त्याच पद्धतीने थोडं थोडं चालतं, नाही घेतलं तर जबरदस्तीने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. शहाळ्याचं पाणी खूप जण देतात, त्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे ते ओआरएसची जागा घेत नाही. अंदाज म्हणून सांगते, निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, म्हणजे राणीला ८०० मिलीच्या आसपास, आणि जुलाब चालू असतील तर त्याहून जास्त. चमच्याने दिलेलं पाणीसुद्धा टिकत नसेल तर घरी तुम्ही ती तूट भरून काढू शकणार नाही, मग सलाइनच.

खाणं शेवटच्या उलटीनंतर सहा ते आठ तास बंद ठेवा, जास्तीत जास्त बारा. पूर्वी आम्ही चोवीस तास उपाशी ठेवायला सांगायचो, आता तसं सांगत नाही, कारण आतड्याच्या आतल्या पेशींना पोषण हे आतड्यातल्या अन्नातूनच मिळतं, फार उपाशी ठेवलं तर ते बरं व्हायला उशीर लागतो. उलटी नसेल आणि नुसते जुलाब असतील तर उपाशी ठेवायचंच नाही. पिल्लांना आणि पॉमेरेनियन-चिवावासारख्या इवल्या कुत्र्यांना तर अजिबात नाही, त्यांची साखर पटकन उतरते.

त्यानंतर मऊ भात किंवा घट्ट पेज, त्यात उकडलेलं चिकन, कातडी आणि हाडं काढून, हाताने बारीक तंतू करून. दोन भाग भात, एक भाग चिकन. मीठ नाही, हळद-मसाला नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही, त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. चवथीचे दिवस आहेत, घरात चिकन शिजणार नसेल तरी अडत नाही, मऊ भातात उकडून कुस्करलेला लाल भोपळा किंवा दुधी, थोडं मुगाच्या डाळीचं पाणी आणि दोन दिवसांनी चमचा-दोन चमचे साय काढलेलं ताजं दही. दूध नको, मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. नारळाचा रस, तूप, खोबरं काहीच नको, आत्ता तिच्या पोटाला स्निग्ध हेच सोसत नाहीये. पहिलं जेवण दोन-तीन चमच्यांचं, एवढंच. दोन तास टिकलं तर परत तेवढंच. मग दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. शी बांधून आली की लगेच नेहमीच्या जेवणावर उडी मारू नका, तीन-चार दिवसांत हळूहळू जुनं वाढवत आणि पथ्याचं कमी करत या. मला परत फोन येतात ते बरेचसे इथेच, दुसऱ्या दिवशी कुत्रं खूश दिसलं म्हणून कोणीतरी हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, वाढलेला असतो.

आता गोळी. शेजाऱ्यांनी सांगितलेली माणसांची गोळी बहुधा मेट्रोनिडाझोलची असणार, ती आम्हीही वापरतो, पण दिसले जुलाब की द्या मेट्रोनिडाझोल अशी जी सवय लागलीय ती चुकीची आहे. साधे जुलाब तिच्याशिवायही साधारण तेवढ्याच दिवसांत बरे होतात, आणि ती आतड्यातल्या चांगल्या जंतूंचाही फडशा पाडते, ते परत जागेवर यायला कित्येक आठवडे लागतात. शिवाय इतकी कडू की कुत्रं तोंडाला फेस आणतं आणि मालक अजून घाबरतो. मात्रा जास्त झाली तर तोल जाणं, डोळे फिरणं असे मेंदूचे त्रासही होतात. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब एकदम थांबवणारी गोळी, तीही नको, आत विष किंवा जंतू असतील तर ते आतच कोंडले जातात, आणि कोली जातीच्या कुत्र्यांत जनुकाच्या दोषामुळे ते औषध मेंदूत शिरतं. पोट दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक असलं काहीही देऊ नका, पोटात अल्सर होऊन रक्त वाहतं आणि किडन्या जातात, हे मी माझ्या टेबलावर बघितलंय. पॅरासिटामॉलही नको. उलटी थांबवायचं औषधसुद्धा डॉक्टरने पोट तपासल्यावरच, कारण आत काही अडकलेलं असेल तर उलटी दबते आणि आतडं आत सडत राहतं. कुत्र्यांसाठीची प्रोबायोटिक पेस्ट मात्र घरात असेल तर खुशाल द्या.

जायफळाबद्दल आईंना माझ्याकडून नम्रपणे सांगा. लहान मुलांना उगाळून देण्याची आपली पद्धत जुनी आहे, पण जायफळातला मायरिस्टिसिन नावाचा घटक कुत्र्याला सोसत नाही. एखाद्या वळशाने विष होत नाही, पण पोट आणखी बिघडतं, आणि जास्त गेलं तर थरथर, भ्रम, छातीचे ठोके वाढणं असं होतं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं हाही एक प्रकार गावात चालतो, त्याने रक्तातलं मीठ वाढून झटके येतात, कुत्रं मरूसुद्धा शकतं.

तुम्ही ओघात लिहिलंय की अंगणात एक दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू येतं आणि राणीच्याच ताटलीत खातं. त्याला आजपासून वेगळं ठेवा. त्याच्यामुळे राणीला झालंय असं मी म्हणत नाही, पण पिल्लू, लस नाही आणि जुलाब हे तीन एकत्र आले की आधी पार्व्हो हेच मनात धरायचं. हा विषाणू १९७८ मध्ये पहिल्यांदा जगभर पसरला, आणि आजही लस न दिलेल्या पिल्लांना सगळ्यात जास्त मारणाऱ्या आजारांपैकी तो आहे. पिल्लू आधी मलूल होतं, खात नाही, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब, आणि त्याचा वास असा की एकदा आला की विसरत नाही. त्यात घरगुती काही नाही, सलाइन आणि दवाखाना, आणि वेळेत नेलं तर बरीच वाचतात. तो विषाणू अंगणात महिनोन् महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही. ताटल्या आणि फरशी आधी साबणाने धुऊन मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असं दहा मिनिटं राहू द्या. राणीची लस वेळच्या वेळी झालेली असेल तर तिला पार्व्हो होण्याची शक्यता फार कमी. पिल्लाला सांभाळणार असाल तर सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस, आणि जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी तीन महिन्यांपर्यंत. आपल्या दमट मातीत हुकवर्म फार, ते आतड्याला चिकटून रक्त पितात, पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात आणि शी काळी होते, आणि हेच जंत अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीतही शिरतात.

गोव्यात पावसाळ्यात दोन आजार आहेत जे पोटाच्या नावाखाली येतात. एक गोचीड ताप. एर्लिकिया आणि बबेसिया इथे सर्रास सापडतात, कुत्रं जेवण सोडतं, मधूनच उलटी, ताप, पांढऱ्या हिरड्या, कधी पोटावर जांभळे ठिपके किंवा नाकातून रक्त. राणीच्या कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड दिसतात का बघा, दिसले नाहीत तरी आजार असू शकतो, रक्त तपासूनच कळतं. दुसरा लेप्टो, उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, शेतातल्या डबक्यांतून येणारा. उलट्या, अंगदुखी, डोळे आणि हिरड्या पिवळ्या. हा माणसालाही होतो, त्यामुळे अशा कुत्र्याची लघवी आणि उलटी हातमोजे घालूनच काढा. लेप्टोची लस दरवर्षी लागते, एकदा घेतली आणि झालं असं नाही.

बाकी काय खाल्लं असेल याचा विचार महिना बघून करा. मे महिन्यात माझ्याकडे आंब्याची बाठ अडकलेली कुत्री येतात, गंमत म्हणजे बाठ पोटात कित्येक दिवस नुसती पडून राहते आणि मग एक दिवस आतड्यात जाऊन बसते, तोवर आंबे खाल्ल्याचं घरचे विसरलेले असतात. फणसाच्या आठळ्यांचं तेच. काजूच्या दिवसांत आंबलेले बोंडू खाऊन झिंगलेली आणि ओकणारी कुत्री, आणि काजूचं कच्चं टरफल चावलं तर त्यातल्या तेलाने तोंड भाजतं. मासेमारी बंद असताना घराघरात सुकी मासळी असते, खारवलेल्या बांगड्याचा अख्खा तुकडा म्हणजे कुत्र्याला मिठाचा डोस. पावसात बेडूक, विशेषतः खरबरीत पाठीचे मोठे, तोंडात धरले की लगेच फेस आणि लाळ, तेव्हा ओल्या फडक्याने हिरड्या पुसून काढा, धुताना पाण्याची धार घशाकडे नको. किनाऱ्यावर वाहून आलेला केंड मासा कुत्र्याने खाल्ला तर त्याच्या विषाने लकवा होऊन श्वास बंद पडतो. डिसेंबरमध्ये केकमधले मनुके आणि चॉकलेट. आणि गुदद्वारातून दोरा किंवा मासेमारीची तंगूस लोंबताना दिसली तर ओढू नका, आतडं कापलं जातं.

नुसती लाळ गळतेय, गिळता येत नाही, जबडा लोंबतोय असं कुत्रं दिसलं तर घशात हाड अडकलंय समजून हात घालू नका, रेबीजमध्येही असंच दिसतं. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, खूप कष्टाने झालं ते, पण म्हणून अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा धोका पत्करू नये.

परवापर्यंत थांबायचं ठरवलंत तरी अधेमधे यातलं काही दिसलं तर निघा: चमच्याने दिलेलं पाणीही टिकत नाही, उलट्या थांबून परत सुरू झाल्या, शी काळी किंवा नुसती रक्ताची, राणी हाकेला उठत नाही, पोट फुगलं किंवा दुखतंय, बारा तासांत लघवी नाही. म्हातारं कुत्रं, डायबेटिस किंवा किडनीचं कुत्रं आणि सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर एवढं थांबायचंही नाही, त्याच दिवशी. वाळपईहून मोठ्या दवाखान्यापर्यंत रस्ता आणि पाऊस धरून वेळ जातो, म्हणून तुम्ही शहरातल्या माणसापेक्षा जरा लवकर निघायला हवं. निघायच्या आधी फोन करा, सुट्टीत कोण आहे ते कळतं आणि पार्व्होचा संशय असेल तर ते तुम्हाला बाकीच्या कुत्र्यांत बसवत नाहीत.

जाताना ताज्या शीचा चमचाभर नमुना झाकणाच्या स्वच्छ डबीत न्या, चार-पाच तासांच्या आतला, त्यावर जंत, जियार्डिया बघता येतं. उलटीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, तोंडी वर्णनापेक्षा तो आम्हाला दहापट उपयोगी. लसीचं कार्ड, काय दिलं आणि किती वाजता दिलं ते कागदावर. शेजाऱ्यांची गोळी आधीच देऊन झाली असेल तर तेही सांगा, कोणी रागावणार नाही, पण लपवलंत तर पुढचं औषध ठरवताना चूक होते.

पथ्य पाळून तीन दिवसांत शी बांधून आली नाही किंवा बरी होऊन महिन्याभरात परत बिघडली तर शीची तपासणी आणि रक्त दोन्ही करून घ्या, तोवर औषधं बदलत बसू नका. हिरड्यांचा रंग, ताप किती आला आणि माज कधी होता, एवढं इथे लिहिलंत तर मी आज रात्री परत बघेन.